परत चालव

कंपाइलर मध्येच पडला तेव्हा धाकटीनं तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली आणि त्या खोलीत सगळे जे करत आले होते तेच केलं. परत चालवला.

आता कंपाइलर म्हणजे काय ते आधीच सांगून मोकळा होतो, नाहीतर गोष्ट अर्ध्यावर आली की कोणीतरी हात वर करायचं. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला कळेल असा. यंत्राला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कंपाइलर तो यंत्राच्या भाषेत उतरवून देतो, आणि उतरवताना कानामात्रासुद्धा इकडचा तिकडं करायचा नाही, एवढाच त्याचा धर्म. मोठा प्रोग्राम कितीतरी तुकड्यांत लिहिलेला असतो. कंपाइलर एकेक तुकडा उतरवत जातो, शेवटी सगळे जोडले की बिल्ड झालं. तिथल्या संगणकांची यंत्रणा युनिक्स नावाच्या जुन्या घराण्यातली होती, आणि त्या घराण्याची रीत अशी, की मध्येच पडलं तरी झालेले तुकडे जपून ठेवायचे आणि परत चालवलं की राहिलेल्या तुकड्यापासून पुढं जायचं. मग कशाला कोण डोकं खाजवत बसतंय? पडलं, परत चालव. तुम्ही आम्ही असतो तरी तेच केलं असतं.

धाकटी हे तिचं घरचं नाव. ताईची धाकटी म्हणून धाकटी. केसांत एखादं पांढरं दिसायला लागलं तरी तेच. कंपनीत तिला मुकादम म्हणायचे, कारण प्रोग्राम कोणीही लिहो, सगळ्यांचे तुकडे गोळा करून बिल्ड उभं करायचं काम तिचं. कंपनी लहान होती. दवाखान्यांसाठी सिरिंज पंप बनवायची. औषध भरलेली सिरिंज त्यात आडवी बसवायची, आकडा टाकायचा, की आतली मोटर दट्ट्या इतक्या सावकाश ढकलते की डोळ्यांना तो हललेला दिसत नाही. त्या मोटरला किती ढकल, किती थांब, हे सांगणारा प्रोग्राम त्याच खोलीत, टेबलाखालच्या त्याच जुन्या संगणकावर बांधला जायचा.

आणि त्यातला एक पंप त्या सकाळी ताईच्या मुलाला औषध देत होता. मुलगा वेळेच्या फार आधी जन्मला. एवढासा जीव, म्हणून मावशीनं त्याला मूठभर असंच नाव पाडलं होतं. काचेच्या पेटीत, अंगावर नळ्या, आणि रक्तदाब खाली जाऊ नये म्हणून थेंबाच्याही अंशानं चाललेलं औषध. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, बाळ हट्टी आहे, इतरांना पुरतं तेवढं औषध याला पुरत नाही, सारखं वाढवावं लागतंय. ताईला त्यात कौतुक वाटायचं. मावशीवर गेलाय, म्हणायची.

खरं म्हणजे धाकटी बिल्ड कधी हातानं चालवतच नसे. ताईचे दिवस अवघड गेले होते. पलंगावरून हलायचं नाही असं बजावलेलं, भावजी कामानिमित्त सदा बाहेर, त्यामुळं दुपारी डबा घेऊन पळायचं ते धाकटीनंच. बिल्ड पडलं की परत चालवायला समोर माणूस हवा, बसणार कोण? म्हणून तिनं दोन ओळींची युक्ती केली. पडलं की आपलं आपण परत चालू, पडलं की परत चालू, होईपर्यंत. शिवाय पडताना स्क्रीनवर जो आरडाओरडा येतो तो फेकून द्यायचा, उगाच कोणाला घाबरवायला नको. खोलीतल्या सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. तेव्हापासून बिल्ड कधी पडतच नाही असं सगळ्यांना वाटायला लागलं.

त्या सकाळी काम किरकोळ होतं. पंपाचा गजर कर्कश्श वाजतो, बाळं दचकतात अशी तक्रार होती, तर तो जरा मऊ करायचा. दोन ओळींच्या बदलाला युक्ती कशाला, म्हणून तिनं हातानं चालवलं, आणि म्हणून तो पडताना तिला दिसला.

स्क्रीनवर कंपाइलरची तक्रार आली ती अशी, की कंपाइलरच्या पोटातच काहीतरी बिघडलं, तुमच्या प्रोग्रामचा दोष नाही. तिनं परत चालवला. पुढं गेला आणि दुसऱ्याच तुकड्यावर पडला. तिनं सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला मघाशी पडलेला तुकडा सुतासारखा सरळ उतरला आणि मघाशी सरळ उतरलेला पडला. धाकटीला हे काही आवडलं नाही.

गेल्या आठवड्यात कंपाइलरची नवी आवृत्ती घातली होती, तेव्हा दोष त्या आवृत्तीवर आला. नवी काढली, जुनी घातली. जुनाही पडला. डिस्क भरली असेल म्हणून बघितलं, तर रिकामी जागा भरपूर. तात्पुरत्या फायली ठेवायची जागा साफ केली, परवानग्या तपासल्या, कंपाइलर ज्या जोडफायली वापरतो त्या नव्यानं आणल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बिचाऱ्या कंपाइलरला तिनं तीनदा घराबाहेर काढलं आणि तीनदा आत घेतलं, आणि तो आपला मन मानेल तिथं पडतच राहिला.

मग तिनं बुवांना हाक मारली. बुवा म्हणजे यंत्रांची देखभाल करणारे, कंपनीतले सगळ्यात जुने. साधा प्रश्न विचारला तरी मांडी ठोकून प्रवचन सुरू करायचे, म्हणून बुवा. आल्या आल्या त्यांनी नाचता येईना अंगण वाकडं वगैरे ऐकवून घेतलं. धाकटी हसली नाही. तिनं त्यांच्यासमोर एकच तुकडा लागोपाठ चालवून दाखवला. उतरला, उतरला, पडला, उतरला.

बुवांचं प्रवचन तिथंच थांबलं. त्यांनाही कळलं होतं, तिलाही कळलं होतं, फक्त बोलायचं कोणी एवढाच प्रश्न होता. पायरी तुटलेली असेल तर माणूस रोज त्याच पायरीवर ठेचकाळतो. कंपाइलरमध्ये दोष असता तर तोही रोज त्याच तुकड्यावर त्याच जागी पडला असता. हा दरवेळी नव्या जागी पडत होता. याचा अर्थ दोष त्याच्यात नव्हता. तो ज्या पाटीवर लिहून हिशेब करत होता ती पाटीच खराब होती.

"मेमरी गेलीय," बुवा म्हणाले. "कधीपासून, ते देवाला ठाऊक."

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. मेमरी बदलायची, चहा प्यायचा, कामाला लागायचं. पण धाकटीच्या मनात तेव्हा वेगळाच विचार आला. कंपाइलर पडतो कधी? खराब जागी लिहिलेलं त्याला वाट दाखवणारं असेल तर. तो वाट चुकतो, आदळतो, ओरडतो. पण त्या खराब जागी वाट नसून नुसता एखादा आकडा लिहिलेला असेल तर? मग तो पडणार नाही. मुकाट्यानं चुकीचा आकडा उतरवील, काम झालं म्हणून सांगील आणि पुढं जाईल.

तिनं तो एकच तुकडा घेतला आणि पुन्हा पुन्हा उतरवायला लावला, आणि दर खेपेला जे बाहेर आलं त्याचा ठसा काढला. एकाच मजकुराचा ठसा नेहमी एकच यायला हवा. ओळीखाली ओळ येत गेली. तोच ठसा, तोच ठसा, तोच. बुवा चष्मा वर करून बघत होते. तोच, तोच. मग एक वेगळा आला, आणि त्याच्याखाली परत तोच, तोच, जणू काही झालंच नाही.

धाकटी घाबरली. खुर्चीचा हात धरून बसून राहिली आणि तिला समोरच्या ओळी वाचता येईनात.

"बुवा," ती म्हणाली, "वॉर्डातल्या पंपात गेलेलं बिल्ड याच संगणकावर झालंय."

बुवांनी मान हलवली. ते बिल्ड तिच्याच युक्तीनं झालं होतं. ते होताना कंपाइलर एकदा पडला की पन्नासदा, हे सांगायला कोणी नव्हतं, कारण ओरडा फेकून द्या असं तिनंच सांगून ठेवलं होतं. आपण ताईच्या पलंगाशी बसून तिचे पाय चेपत होतो, तेव्हा हा इथं बोंबलत होता आणि आपण त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता, हे तिला एकदम लख्ख दिसलं.

खरं काय ते कळायला एकच मार्ग होता. बुवांचा स्वतःचा संगणक धडधाकट होता. त्यावर तोच प्रोग्राम, तोच कंपाइलर घेऊन नव्यानं बिल्ड करायचं, आणि दवाखान्यात गेलेल्या बिल्डशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. दोन्ही तंतोतंत जुळली तर घोर मिटला. बुवांनी चालू केलं. वेळ लागणार होता.

तेवढ्यात साहेबांना सांगणं भाग होतं. कंपनी साहेबांची. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा पाणी प्यायले, आणि म्हणाले, ताडून होऊ दे. बिल्ड कदाचित चांगलंच असेल. आत्ता दवाखान्यांना कळवलं तर सगळे पंप परत येतील, आणि मग सगळं बरोबर निघालं तरी परत आपला पंप कोण दारात उभा करणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. खात्री होईपर्यंत एक शब्द बाहेर जायचा नाही. धाकटी हो म्हणाली. तिचा भाचा तिथं आहे, हे त्यांना ठाऊक होतं का नाही कोण जाणे. तिनं काही आठवण करून दिली नाही.

ती जिन्यात गेली, दार लोटलं आणि ताईला फोन लावला.

"ताई, बाळाचा पंप बदलून घे."

"का गं? काय झालं?"

"काही झालं नाही. मोटरचा आवाज येतोय म्हण. लगेच बदलतात. आणि मी सांगितलंय असं कोणाला म्हणू नकोस."

माय मरो पण मावशी जगो, असं काहीतरी ताई हसत म्हणायला लागली होती. मधेच थांबली. धाकटीच्या आवाजावरून तिनं काय ओळखलं तिचं तिला ठाऊक. बरं, एवढंच म्हणाली. ताईनं लहानपणापासून धाकटीच्या हुशारीवर डोळे झाकून विश्वास टाकलेला. गणित चुकलं की धाकटीला विचार, फ्यूज उडाला की धाकटीला बोलाव. आताही तिनं का म्हणून परत विचारलं नाही.

धाकटी जिन्यातच उभी राहिली. खाली रस्त्यावर टायरच्या दुकानात कोणीतरी हवा भरत होतं. थोड्या वेळानं ताईचा निरोप आला. बदलला. कपाटात एकच जादा होता, दुसऱ्या कंपनीचा, जुना. सिस्टरनी बसवला, आकडा आधीचाच लावला. बाळ झोपलंय.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. आता बिल्ड जुळो की न जुळो, मूठभर सुटला. तिनं तोंडावर पाणी मारलं आणि खोलीत आली. बुवांच्या स्क्रीनवर ताडणी संपत आली होती.

जुळलं नाही.

एवढ्या मोठ्या फायलीत फरक एकाच जागी होता, आणि तोही एका अक्षराच्या आतल्या एका खुणेचा. एक असायला हवं तिथं शून्य. बुवांनी ती जागा प्रोग्राममध्ये कुठं येते ते शोधून काढलं. सिरिंजांचं कोष्टक होतं. कुठल्या मापाच्या सिरिंजला किती ढकलायचं त्याचे आकडे. बाकी सगळी मापं बरोबर, फक्त सगळ्यात छोट्या सिरिंजचा आकडा बिघडलेला. संगणकात असे आकडे ज्या तऱ्हेनं लिहितात, त्यात योग्य जागची एक खूण उलटली की आकडा थेट दुप्पट होतो नाहीतर निम्मा. हा निम्मा झाला होता.

आता तुम्ही विचाराल, पंप दवाखान्यात जाण्याआधी तपासत नव्हते की काय? तपासत होते ना. मोठी सिरिंज लावून तपासत होते. छोटी रिकामी व्हायला सबंध दिवस जातो. मोठी बरोबर तर छोटीही बरोबर, असं सगळे धरून चाललेले. छोटी वापरायची ती फक्त मूठभर जिवांसाठी.

साहेब येऊन मागं उभे राहिले. बुवांनी त्यांना समजावून सांगितलं, की पडद्यावर जो आकडा दिसतो त्याच्या निम्मंच औषध आत जातंय. आणि मग बुवांनी एक सुस्कारा सोडला. "थोडक्यात वाचलो म्हणायचं. कमी गेलं. जास्त गेलं असतं तर काय केलं असतं?"

धाकटीलाही पहिल्या क्षणी तेच वाटलं, की बरं झालं, कमीच गेलं. आणि लगेच तिला डॉक्टरीणबाईंचा वाढत गेलेला आकडा आठवला.

मूठभर हट्टी नव्हता. औषध निम्मं जात होतं म्हणून लागू पडत नव्हतं, आणि लागू पडत नव्हतं म्हणून डॉक्टरीणबाई आकडा वाढवत वाढवत दुपटीवर घेऊन गेल्या होत्या. दुपटीचं निम्मं, म्हणजे हवं तेवढंच. पंप खोटा आणि आकडाही खोटा, आणि दोन खोट्यांच्या मधे पोर सुखरूप होतं. आता पंप खरा बसला होता. आकडा मात्र तोच ठेवला होता, कारण का बदलायचा हे सिस्टरना कोणी सांगितलंच नव्हतं. मोटरचा आवाज येतोय, एवढंच सांगितलं होतं. एवढ्याशा जिवाचा रक्तदाब असा एकाएकी चढला तर डोक्यातली शीर फुटते, हे धाकटीला याच नोकरीत कळलेलं होतं.

तिनं फोन लावला. ताईनं उचलला नाही. परत लावला. वाजून वाजून बंद झाला. वॉर्डाचा नंबर तिच्याकडं होता, तो लागेना. बुवा काय झालं म्हणून विचारत होते. आगीतून काढून आपणच त्याला फुफाट्यात टाकलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. तिनं परत ताईला लावला.

ताईनं उचलला आणि ती रडतच होती. बाळ लालबुंद झालंय, म्हणाली. यंत्रं वाजतायत, रक्तदाब वर वर चाललाय, सगळे त्याच्याभोवती आहेत, मला बाहेर काढलं, डोक्यात रक्तस्राव झाला असेल म्हणतायत, तपासायचं मशीन मागवलंय. तू कुठंयस?

"ताई, दार ढकल आणि आत जा," धाकटी म्हणाली. "कोणी अडवलं तरी जा. फोन डॉक्टरीणबाईंच्या कानाला लाव."

ताई गेली. फोनमधून आधी आरडाओरडा आला, मग गजर, धाकटीच्या कंपनीच्या पंपाचा नाही, दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राचा. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, कोण बोलतंय म्हणून, चांगलाच चिडलेला.

समोर साहेब उभे होते. धाकटीनं त्यांच्याकडं बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. आपण बाळाची मावशी हे तिनं सांगितलंच नाही. आधीचा पंप ज्या कंपनीचा आहे तिथून बोलतेय, त्याचा प्रोग्राम मी बांधते, म्हणून सांगितलं. तो पंप सगळ्यात छोट्या सिरिंजला दाखवतो त्याच्या निम्मंच औषध देत होता. आता बसवलाय तो पुरं देतोय. आकडा निम्मा करा.

पलीकडं गजर वाजत राहिला.

"मी निम्मं केलं आणि तुमचं चुकत असलं, तर रक्तदाब कोसळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खात्री आहे?"

ज्या बाईनं आयुष्यभर परत चालव म्हटलं, तिला हे परत चालवता येणार नव्हतं. निम्मा की दुप्पट? खूण उलटली हे खरं, पण कुठल्या बाजूनं? मघाशी आपण वाचलं ते बरोबर वाचलं ना? एवढी वर्षं पाठ असलेली गोष्ट तिच्या डोक्यातून पार पुसली गेली. तिनं फोनवर हात ठेवला आणि बुवांना दोन्ही आकडे मोठ्यानं वाचायला सांगितले. आधी बुवांच्या संगणकावरचा, मग दवाखान्यात गेलेला. बुवांनी वाचले. आकडे स्वच्छ होते.

"खात्री आहे," धाकटी म्हणाली. "निम्मा करा."

मग नुसतं ऐकत उभं राहणं. डॉक्टरीणबाई फोन ठेवायच्या विसरल्या होत्या. सिस्टर कोणाला तरी रक्तदाबाचा आकडा वाचून दाखवत होत्या, आणि तो आकडा उतरत नव्हता. परत वाचला. उतरत नव्हता. धाकटीनं डोळे मिटून घेतले. आपण वाचलं ते चुकलं, आता हे पोर आपल्या हातून गेलं, असं तिनं मनाशी धरूनही टाकलं. मग सिस्टरनी वाचलेला आकडा जरा कमी होता. पुढचा आणखी कमी. गजर बंद झाला.

"उतरतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि लगेच, "हे पंप इथं बाकीच्या बाळांनाही आहेत."

"हो. सगळ्यांत तेच आहे. नुसते पंप बदलू नका, आधी आकड्यांचं बघा."

त्यांनी फोन बंद केला. साहेब खुर्चीवर बसले होते, चेहरा पांढराफटक. आता बोंबाबोंब करतील असं बुवांना वाटलं असावं, ते मधे येऊन उभे राहिले. पण साहेबांनी नुसता हात पुढं केला आणि बाकीच्या दवाखान्यांचे नंबर मागितले. पहिला फोन त्यांनी स्वतःच लावला. मूठ उघडली ती उघडलीच.

धाकटी दवाखान्यात पोचली तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर ताई बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं, की डोक्याची तपासणी झाली, आज तरी रक्त दिसत नाही, उद्या परत बघणार आहेत. धाकटी तिच्या शेजारी बसली आणि तिला रडू आवरेना. ताईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, लहानपणी घ्यायची तसं. धाकटीनं त्या मांडीवरूनच सगळं सांगितलं. मेमरी, युक्ती, फेकून दिलेला ओरडा, साहेबांना दिलेला शब्द. ताईला त्यातलं निम्मं कळलं नसेल, पण तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

काचेपलीकडं डॉक्टरीणबाई शेजारच्या पेटीवर वाकल्या होत्या. त्यांच्याभोवती मघापेक्षा जास्त माणसं होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती, मांडीवर घट्ट घडी केलेलं छोटंसं दुपटं घेऊन. तिची नजर काचेवरून हलत नव्हती.

ताई हळूच म्हणाली, "तू फोन केलास ना, तेव्हा ही माझ्याजवळच बसली होती. ती शेजारची पेटी तिच्या मुलीची, तिलाही तोच पंप आहे."

धाकटी उठून बसली.

"मी सिस्टरना सांगितलं, मोटरचा आवाज येतोय. तिनं ऐकलं. मला म्हणाली, बघा हो जरा, माझ्या मुलीच्याही पंपाचा येतोय का? जादा पंप तर एकच होता." ताईचा आवाज अगदी खाली गेला. "मी कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, नाही हो, तुमचा चांगला आहे."

ताईचं खोटं ताईचं नव्हतं, ते तिनं धाकटीच्या तोंडून उचललं होतं आणि जसंच्या तसं पुढं दिलं होतं.

"तिला मी सांगू का तू सांगतेस?" ताईनं विचारलं.

मी सांगते, असं धाकटी म्हणाली. सबंध दिवसभरात ती इतकी भ्यायली नव्हती, जिन्यात नाही, फोनवर नाही. शेवटी ती उठली आणि बाकाच्या त्या टोकाशी जाऊन उभी राहिली. बाईनं वर बघितलं, ताईची बहीण म्हणून ओळखलं, आणि दुपटं उचलून सरकून तिला बसायला जागा केली.

"तुमचं बाळ कसं आहे आता?" बाईनं विचारलं.